संधिवात आटोक्यात आलाय, पण दिवसांची घडी अजून बसत नाहीये

मोरपंखी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मला दाहक संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. निदानाला वर्ष होऊन गेलं. आधी उजव्या हाताच्या बोटांची मुळं सुजली, मग डाव्या हाताची, मग दोन्ही मनगटं आणि पायांचे चवडे. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. बाटलीचं झाकण फिरवायला कुणाला तरी हाक मारावी लागायची आणि सगळं सैल व्हायला तास-दीड तास सहज जायचा. रक्तात अँटी सीसीपी (या आजाराची खूण असलेली प्रतिपिंडं) चांगलंच वाढलेलं निघालं, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. सूज उतरली, सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) खाली आलं, डॉक्टर समाधानी आहेत.

दुखणं कमी झालं, पण शरीरावरचा भरवसा काही परत आलेला नाही, म्हणून हा धागा. पूर्वी मी 'पुढच्या गुरुवारी नक्की येते' असं बिनदिक्कत सांगायचे. आता शब्द देताना चाचरते. आठवडाभर सगळं सुरळीत चालतं आणि मध्येच एका सकाळी मनगट असं धरतं की गादीवर हात टेकून उठता येत नाही. आदल्या संध्याकाळी ज्यांनी मला भराभर जिना चढताना पाहिलं, त्यांना हे कसं पटवायचं? 'तू तर छान दिसतेस' हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं हे मला कळतं, तरी त्यानंतर पुढे काही बोलावंसं वाटत नाही.

आणि थकवा. हा कामाचा शिणवटा नव्हे. रात्रभर झोपून उठलं तरी अंगात त्राण नसतं. दुपारी संगणकावर ओळी वाचतेय आणि अर्थच लागत नाहीये, असंही होतं.

औषधं बदलण्याचा सल्ला नकोय, ते डॉक्टर बघताहेत. ज्यांनी असा दीर्घकाळचा, दाहाचा कुठलाही आजार अंगावर वागवत संसार, नोकरी, नाती निभावली आहेत त्यांनी लिहा. दिवस कसे आखता? कुणाला किती सांगता? बरं वाटत असताना आजार मनातून कसा बाजूला ठेवता?

पायवाट

वाचतोय. पत्नीला सोरायसिस या त्वचेच्या आजारासोबत येणारा संधिवात आहे. आमच्याकडे घडी बसायला बराच काळ लागला. रात्री सविस्तर लिहितो.

सायसाखर

मोरपंखी, तुझ्यापेक्षा मी वयाने बरीच मोठी असणार, म्हणून अगंतुगं करतेय.

माझा आजार तू शाळेत असशील तेव्हापासूनचा आहे. हाताची बोटं करंगळीच्या बाजूला कललेली आहेत. आमच्या वेळी आधी नुसत्या वेदनाशामक गोळ्या, मग 'बघू काही दिवस', आणि खरं औषध सगळ्यांत शेवटी, अशी रीत होती. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी रुळलं तेच १९८० च्या दशकात. अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली १९८८ साली. आता निदान होताच औषध सुरू करतात, कारण पहिल्या काही महिन्यांत दाह आवरला तर कूर्चा आणि हाडाची झीज बरीचशी टळते. तुझी सूज वर्षाच्या आत उतरली याचं मोल माझ्या बोटांकडे बघून कळतं. हे तुला गप्प बसवायला सांगत नाहीये. तुझी तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर मलाही लगेच मिळालं नव्हतं.

भरवशाबद्दल. मी ठरवलं की शरीर शब्द पाळेल ही अपेक्षा सोडायची, पण माणसांना दिलेला शब्द पाळायचा. मग शब्द देण्याची पद्धत बदलली. आठवड्यातलं एखादंच काम 'नक्की' म्हणून घेते. बाकीची कामं समोरच्याला आधीच सांगून 'जमलं तर' या खात्यात ठेवते. नक्कीच्या कामाआधीचा दिवस हलका ठेवायचा आणि नंतरची सकाळ मोकळी सोडायची. हे सगळ्यांना सरळ सांगते. सुरुवातीला नातेवाईक दुखावले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही 'येते' म्हणाली की येतेच.

दुसरं, आणि मला यावरच जास्त बोलायचंय. खरी परीक्षा चांगल्या दिवशी असते. वाईट दिवशी आपण आपोआप थांबतो, शरीरच थांबवतं. चांगल्या दिवशी मात्र वाटतं, राहिलेलं सगळं आजच उरकून टाकू. कपाटं काढायची, लांबची खरेदी, चार जणांकडे जाऊन यायचं. आणि दोन दिवस पडून राहायचं. मग पुन्हा अनुशेष, पुन्हा चांगला दिवस, पुन्हा तेच. या चक्रातून बाहेर यायचं तर चांगल्या दिवशीही काम अर्ध्यावर असताना बसायचं. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. मला हे फार जड गेलं, कारण हातात घेतलेलं काम पुरं करूनच उठायचं असं वळण होतं. अजूनही काम मध्येच ठेवताना जीव खालीवर होतो, पण ठेवते.

आणि एक. चित्रकार ऑग्युस्त रेन्वार यांना पन्नाशीच्या सुमारास हाच आजार झाला. त्या काळी दाह रोखणारं औषध नव्हतं. बोटं पार आखडली, शेवटी चाकांच्या खुर्चीत बसून काम करायचे, पण १९१९ साली गेले तोवर रंगवत राहिले. दुसऱ्या कुणी हातात कुंचला ठेवून द्यायचा. 'ते करू शकले मग तू का नाही' असं मला कुणी ऐकवलेलं आवडत नाही आणि मी तुलाही ऐकवणार नाही. मला त्यांच्या गोष्टीतलं दुसरंच भावतं. कुंचला हातात ठेवण्याचं काम त्यांनी दुसऱ्याला करू दिलं आणि चित्र त्यांचंच राहिलं. माझ्याकडे झाकण उघडायला, वजन उचलायला, बटणं लावायला माणूस किंवा अवजार असतं. त्याने माझं काम कमी माझं होत नाही.

मोरपंखी

सायसाखर काकू, 'जमलं तर' हे खातं उघडतेच. चांगल्या दिवसांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण गेले कित्येक महिने माझं हेच चाललंय आणि मला वाटत होतं आजारच लहरी आहे.

निदानवही

मी डॉक्टर आहे, याच प्रकारचे रुग्ण रोज पाहतो. मोरपंखी यांनी औषधांचा सल्ला नको म्हटलंय, त्यामुळे तो देणार नाही. पण थकवा आणि सकाळच्या ताठरपणाबद्दल लिहितो, कारण कारण कळलं की माणूस स्वतःला दोष देणं थांबवतो.

रात्री उशिरा शरीरात दाह वाढवणारी रसायनं चढतात. त्यातलं एक महत्त्वाचं म्हणजे इंटरल्यूकिन ६. दाह आवरणारं शरीराचं स्वतःचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, पहाटेकडे वाढतं, पण या आजारात ते दाहाच्या मानाने अपुरं पडतं. म्हणून सकाळ जड जाते आणि दुपारपर्यंत माणूस मोकळा होतो. सकाळी आठला हात वळत नाही आणि संध्याकाळी तीच व्यक्ती जिना चढते, यात विसंगती काहीच नाही. घरच्यांना हे जरूर वाचून दाखवा.

हीच रसायनं मेंदूपर्यंतही परिणाम करतात. ताप आल्यावर जसं पडून राहावंसं वाटतं, तसली ती ग्लानी असते, आळस नव्हे. पण प्रत्येक थकवा दाहाच्याच खात्यात टाकू नये. दीर्घकाळच्या दाहाने हिमोग्लोबिन कमी होतं. थायरॉइडची गडबड या रुग्णांत पुष्कळदा सोबतीला असते. दुखण्याने झोप तुटते, आणि मन खचलेलं असतं तेही थकव्याच्या रूपात दिसतं. या चारही गोष्टी तपासता येतात आणि त्यांवर उपाय आहेत. सूज उतरली, सीआरपी उतरलं आणि थकवा तसाच असेल तर पुढच्या भेटीत तो मुद्दा पहिला मांडा. अनेक रुग्ण तो सांगतच नाहीत, कारण त्यांना वाटतं डॉक्टर सांध्यांचेच आहेत.

सीआरपी सामान्य असूनही सांधे सुजलेले असू शकतात, हेही लक्षात असू द्या. म्हणून आम्ही ठरावीक २८ सांधे दाबून पाहतो, किती दुखतात, किती सुजलेत ते मोजतो आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतंय तेही आकड्यात विचारतो. त्या आकड्याला तपासणीत खरोखर वजन असतं. 'ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेऊ नका.

हालचाल

फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडं. सुजलेल्या सांध्याला विश्रांती आणि आटोक्यात आलेल्या सांध्याला व्यायाम, दोन्ही लागतं. 'संधिवात आहे, हलू नकोस' हा सल्ला ऐकून माणसं स्नायू गमावतात आणि मग सांध्यावर आणखी भार येतो. आजारानेही स्नायू घटतात, म्हणून ताकदीचे व्यायाम मुद्दाम करायचे.

मर्यादा कशी ओळखायची? व्यायामानंतर नेहमीपेक्षा जास्तीचं दुखणं दोन तासांनंतरही टिकलं तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा. सोडून देऊ नका, कमी करा. सांधा गरम आणि लाल झाला असेल तर त्या सांध्याला तेवढे दिवस फक्त हळुवार पूर्ण फिरवणं पुरे.

हातांसाठी: ओझं बोटांनी नव्हे, तळव्यांनी किंवा कोपराच्या खालच्या हाताने पेला. पिशवी मुठीत धरण्यापेक्षा खांद्यावर. पेनाला, चमच्याला, टूथब्रशला जाड वेष्टण. मोबाइल एका हातात धरून अंगठ्याने टाइप करणं अंगठ्याच्या मुळावर फार ताण आणतं, तो टेबलावर ठेवा किंवा बोलून लिहा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघड-मीट केलीत तर दिवस लवकर सुरू होतो.

पायवाट

रात्री लिहितो म्हणालो होतो. जोडीदाराच्या बाजूने लिहितोय.

मला सगळ्यांत अवघड गेलं ते मदत कशी करायची हे. 'काही मदत करू का?' असं विचारलं की तिला आणखी एक काम लागायचं, काय सांगायचं ते ठरवण्याचं. आणि न विचारता केलं तर तिला आपण निकामी झालोय असं वाटायचं. खूप बोलून आम्ही अशा वाटेला लागलो: सकाळी ती फक्त 'आज हात', 'आज पाय' किंवा 'आज सगळं' असं सांगते. हात म्हटलं की चिरणं, पिळणं, उचलणं माझं, बाकी तिचं. पाय म्हटलं की बाहेरची कामं माझी. 'सगळं' म्हणजे त्या दिवशी कुणीच काही विचारायचं नाही. मुलांनाही हे कळतं. तिला कारण द्यावं लागत नाही आणि मला अंदाज बांधावा लागत नाही.

दुसरं म्हणजे राग. आजारी माणसाला राग येतो आणि जोडीदारालाही येतो. माझ्याही योजना मोडल्या आहेत. मी ते तिच्यापासून लपवायचो, मग ते दुसऱ्याच कशावर तरी निघायचं. आता आम्ही सरळ म्हणतो की आज या आजाराचा दोघांनाही वैताग आलाय. तिच्यावर नव्हे, आजारावर. हा फरक शब्दांत म्हणावा लागतो, मनात असून भागत नाही.

तपासणीला शक्य तेव्हा सोबत जातो. ती डॉक्टरांना 'बरी आहे' म्हणते, तेव्हा रात्री कुशीवर वळताना ती जागी होते हे मी सांगतो.

खडीसाखर

सगळ्यांचं छान लिहून झालंय, पण एक विचारते. इतकी वर्षं ही जहाल औषधं घ्यायची का? माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी सगळ्या गोळ्या बंद केल्या, पथ्य पाळलं आणि त्या आता ठणठणीत आहेत. मेथोट्रेक्सेट तर कॅन्सरचं औषध आहे म्हणतात. मोरपंखी, बरं वाटतंय तर हळूहळू सोडून बघायला काय हरकत आहे?

सायसाखर

खडीसाखर, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीलाही हाच आजार. वर्षभर काहीच दुखलं नाही म्हणून तिने औषध परस्पर थांबवलं. पहिले काही आठवडे छान गेले. नंतर गुडघा आणि खांदा धरला, आणि पहिल्या औषधाने जो आराम आधी मिळाला होता तो पुन्हा मिळवायला फार झगडावं लागलं. दुखत नसतं तेव्हा हा आजार राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. बरं वाटतंय ते औषधामुळे की आजार निवळल्यामुळे, हे आपलं आपल्याला कळत नाही.

निदानवही

खडीसाखर, प्रश्न विचारलात हे बरं केलंत. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या मनात असतो आणि बरेच जण तो न विचारताच गोळ्या सोडतात.

मेथोट्रेक्सेट कर्करोगातही वापरतात हे खरं. पण तिथे मात्रा कितीतरी पटींनी मोठी असते आणि हेतू पेशी मारण्याचा. संधिवातात ते आठवड्यातून एकदा, थोड्या मात्रेत, दाह शमवण्यासाठी देतात. पूर्ण गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेली उदाहरणं आहेत. म्हणून वार ठरवा, तो पाकिटावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसालाही सांगून ठेवा. सोबत फोलिक ॲसिड देतात, त्याने तोंड येणं आणि मळमळ कमी होते. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी, नंतर साधारण ३ महिन्यांनी करतात. ती चुकवू नका, बरं वाटत असलं तरी. खूप ताप, तोंडात फोड, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला किंवा धाप यांपैकी काही झालं तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी प्रतिजैविक लिहून देत असतील तर आपण मेथोट्रेक्सेट घेतो हे आधी सांगा. कोट्रायमॉक्साझोल त्याच्यासोबत घातक ठरू शकतं.

औषध कधीच कमी होत नाही असं नाही. आजार सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण शांत असेल तर आम्ही स्वतःहून मात्रा उतरवण्याचा विचार करतो, आणि आधी स्टिरॉइड बंद झालेलं हवं. पण ते पायरी-पायरीने, तपासत. पूर्ण थांबवल्यावर बऱ्याच जणांचा आजार उसळतो, म्हणून कमीत कमी मात्रेवर टिकून राहणं हेच पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

स्टिरॉइडचा विषय निघालाच आहे तर लिहितो. अमेरिकेतले डॉ. फिलिप हेंच यांना १९२९ साली एक गोष्ट दिसली: संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की सांधे काही काळ बरे होतात. पुढे गरोदरपणातही तसंच होतं हे लक्षात आलं. शरीरच काहीतरी बनवत असणार, या धाग्यावरून शोध घेत १९४८ मध्ये त्यांनी एका अंथरुणाला खिळलेल्या तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली केंडल आणि राइशस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. पण जास्त काळ मोठ्या मात्रेत दिल्यावर हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, जंतुसंसर्ग हे सगळं पुढे आलं. आज स्टिरॉइड आम्ही भडका विझवायला थोड्या काळासाठी वापरतो. एक मात्र पक्कं: काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड एकाएकी थांबवायचं नाही, कारण तोवर शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं. न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये कधीकधी हेच असतं. 'चार दिवसांत जादू झाली' असं कुठल्याही नाव नसलेल्या औषधाबद्दल ऐकलंत तर आधी हा संशय घ्या.

खडीसाखर

मात्रेतला फरक मला ठाऊक नव्हता. त्या बाईंना हा दुवा पाठवते आणि तपासणी करून घ्यायला सांगते.

ताठ_कणा

माझा आजार अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. पाठीच्या कण्याचा आणि कमरेच्या सांध्यांचा दाह. विशीत सुरू झाला. आमच्याकडे उलटं असतं, विश्रांतीने दुखणं वाढतं आणि चालल्याने कमी होतं. पहाटे पाठ जागी करते, फेऱ्या मारल्या की उतरते. कित्येक जणांना वर्षानुवर्षं 'स्नायू आखडलाय' एवढंच ऐकावं लागतं. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेली, सकाळी वाढणारी आणि हालचालीने उतरणारी पाठदुखी कुणाची असेल तर रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाततज्ज्ञांना, दाखवा.

माझं सांगणं डोळ्यांबद्दल. आमच्यापैकी बऱ्याच जणांना कधीतरी डोळ्यात दाह होतो. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसत नाही, धुरकट दिसतं. डोळे आले म्हणून घरातले थेंब टाकत बसायचं नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. मोरपंखी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठीही पडद्याची तपासणी लागते ना?

निदानवही

हो. औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात एकदा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा मात्रा जास्त असेल तर दरवर्षीची तपासणी आधीपासूनच. मात्रा वजनावर ठरते, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. वजन बरंच उतरलं असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या.

शांतारंभ

मोरपंखी, 'कुणाला किती सांगता' यावर मी लिहिते. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याचा दाह. सांगायला संधिवातापेक्षा अवघड, कारण लक्षणांचं नाव घेतलं की समोरचा नजर चुकवतो.

मी माणसांचे तीन गट केले. जवळच्यांना सगळं. ज्यांच्यासोबत काम करते त्यांना तेवढंच, जेवढ्याने काम नीट होईल. बाकीच्यांना 'दीर्घकाळचा आजार आहे, औषध चालू आहे' एवढं पुरे, आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटू द्यायचं नाही. प्रत्येक चौकशी करणाऱ्याला शिकवत बसणं हे माझं काम नाही.

कामाच्या ठिकाणी मी तीन वाक्यांत बोलते. आजार काय, त्याने कामात काय होऊ शकतं, आणि मला नेमकं काय हवं. तिसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. नुसता आजार सांगितला की लोक हळहळतात किंवा घाबरून महत्त्वाची कामं काढून घेतात. गरज सांगितली की ते ती पुरवतात. मी म्हटलं: मला आतड्याचा दाहाचा आजार आहे. वर्षातून काही वेळा तो उसळतो, तेव्हा थोडे दिवस घरून काम करावं लागेल. त्या दिवसांत सकाळच्या बैठका मला फोनवरून घेऊ द्या. झालं. माझ्यावरच्या जबाबदाऱ्या कमी झाल्या नाहीत, आणि मला तेच हवं होतं.

बरं वाटत असताना आजार बाजूला कसा ठेवता, यावर: मी तो कॅलेंडरवर ठेवते. आमच्याकडे मेसालामाइन हे आतड्याचा दाह शमवणारं औषध बरं असतानाही घ्यावंच लागतं, आणि आजाराला आठ वर्षं झाली की ठरावीक काळाने आतड्याची दुर्बिणीने तपासणी लागते. त्या तारखा लिहून टाकल्या की मधल्या दिवसांत मला त्याची राखण करावी लागत नाही. पोटात जरा गुरगुरलं की पूर्वी मी दिवसभर अंदाज बांधत बसायचे. आता स्वतःशी एवढंच ठरवलंय की सलग तीन दिवस लक्षणं राहिली तर डॉक्टरांना फोन. तोवर आयुष्य चालू. दुखऱ्या सांध्यांसाठीही तुमच्या डॉक्टरांकडून असा आकडा ठरवून घ्या. फोन कधी करायचा हे आधीच ठरलं की रोज नव्याने घाबरावं लागत नाही.

नवी_पालवी

मला नुकतंच निदान झालंय, दाहक संधिवात. आम्हाला मूल हवंय. हे सगळं वाचून भीती वाटते. कुणाला विचारावं कळत नाही.

निदानवही

नवी पालवी, भिऊ नका. या आजारात मूल होऊ शकतं आणि होतं. फक्त ते आधी ठरवून करायचं. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. ते मूल राहू देण्याच्या साधारण ३ महिने आधी थांबवायला सांगतात, आणि तोवर गर्भनिरोधक पक्कं हवं. लेफ्लुनोमाइड हे संधिवाताचं दुसरं औषध शरीरात फार काळ रेंगाळतं, ते काढून टाकायला वेगळं औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन गरोदरपणात चालतात. काही बायोलॉजिक औषधंही चालतात. म्हणून पहिल्याच भेटीत 'आम्हाला मूल हवंय' हे सांगा, त्यावरून औषध निवडता येतं. आधी आजार काही महिने शांत ठेवायचा, मग पुढे जायचं. अनेकींना गरोदरपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आजार उसळतो. त्या काळात घरात हाताशी माणूस असेल अशी व्यवस्था आधीच करा. रात्री बाळाला उचलायचं तर मनगट चांगलं हवं.

पायवाट

नवी पालवी, आमचा धाकटा पत्नीच्या आजाराच्या निदानानंतरचा आहे. काही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिच्याशी बोलणं करून देतो.

मोरपंखी

सगळा धागा नवऱ्यासोबत पुन्हा वाचला. 'आज हात, आज पाय' उद्यापासून आमच्याकडेही सुरू. डॉक्टरांना हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि 'फोन कधी करायचा' हे विचारायचं लिहून ठेवलंय.

शांतारंभ ताई, ऑफिससाठी तीन वाक्यं लिहिली आहेत. जरा बघाल का?

'मला दाहक संधिवात आहे आणि त्याचं औषध चालू आहे. काही सकाळी माझे हात तास-दीड तास काम करत नाहीत, दुपारनंतर ठीक असतात. शक्य झाल्यास अशा दिवशी मला उशिरा सुरू करून उशिरापर्यंत काम करू द्यावं, आणि बोलून टाइप करायची सोय मिळावी.'

शांतारंभ

पहिली दोन उत्तम. तिसऱ्यातलं 'शक्य झाल्यास' काढून टाक. आणि 'काही सकाळी' च्या जागी महिन्यातून साधारण किती वेळा ते लिही, नाहीतर त्यांना वाटेल रोजच. औषध दुसऱ्या दिवशी जड जात असेल तर आठवड्यातला तो वारही सांगून टाक, म्हणजे त्या दिवशी महत्त्वाची बैठक कुणी लावणार नाही.

मोरपंखी

शनिवारी रात्री घेते, रविवार त्यातच जातो. तेव्हा वार सांगायची गरज नाही. बाकी बदल केले, सोमवारी देते.